पाटली मोडीत घालण्याआधी: घरच्या दागिन्यातून, आठवणीतून नवा दागिना घडवताना

जुना दागिना घेऊन पेढीवर गेलं की बहुतेक वेळा दोनच वाटा दाखवल्या जातात. मोडीत घाला आणि त्या सोन्याचं नवं काही घ्या, नाहीतर पॉलिश करून परत कपाटात ठेवा. पहिल्या वाटेने आजीची पाटली काही मिनिटांत एक आकडा होऊन जाते. दुसऱ्या वाटेने ती लॉकरमध्ये पडून राहते आणि ती कुणाची, कुठून आली हे सांगणारी माणसं एकेक करून कमी होत जातात. मी सांगणार आहे ती तिसरी वाट: मूळ दागिन्याला शक्यतो धक्का न लावता, त्यातलं आपल्याला जे आठवतं ते घेऊन, आज रोज अंगावर घालता येईल असा नवा दागिना घडवणं. बरंचसं काम चांदीत आणि मोजक्या अवजारांनी घरी होतं. जे होत नाही ते कारागिराकडून कसं करून घ्यायचं, तेही पुढे येईलच.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे आहेत. दागिन्याची आठवण त्याच्या नक्षीत कमी असते आणि वापरात जास्त. नथीची इवलीशी प्रतिकृती करून साखळीत अडकवली, तर ती कुठलीही नथ असते. आत्याची नथ म्हणजे पाणी पिताना ती एका बोटाने अलगद वर धरायची, ती नथ. बोटाचा तो बाक, तारेचा झोक, नाकाच्या एकाच बाजूला येणारं वजन, यातलं काहीतरी नव्या दागिन्यात उतरलं पाहिजे.

आधी दागिन्याची नीट नोंद

०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्या. तो पुढेही लागणार आहे. दागिना खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, शेजारी पट्टी ठेवून पुढून, बाजूने आणि मागून टिपा. मागची बाजू मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सराफाचा शिक्का, मालकिणीची अक्षरं, नंतर लावलेला डाख (सोल्डर), बदललेली कडी, सगळं तिथे दिसतं. पाटली किंवा गोठासारख्या कोरीव दागिन्यावर पातळ कागद गुंडाळून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, नक्षी कागदावर उमटते. हा छाप फोटोपेक्षा उपयोगी पडतो, कारण तो खऱ्या मापाचा असतो आणि नक्षी कुठे झिजली तेही दाखवतो.

घरात जुनी चिठ्ठी किंवा वही सापडली तर वजन तोळे, मासे, गुंजा असं लिहिलेलं असेल. आज बोलताना १० ग्रॅमला तोळा म्हणतात, पण जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा. बारा मासे म्हणजे एक तोळा, आठ गुंजा म्हणजे एक मासा, म्हणजे गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची. चिठ्ठीत ‘३ तोळे ४ मासे’ असेल तर दागिना सुमारे ३८.९ ग्रॅमचा होता. काट्यावर त्याहून कमी भरला तर दोन शक्यता: वापराने झीज झाली, किंवा मधेच कधीतरी एखादा पदर, एखादं पान काढून विकलं. ते कुणाच्या फीसाठी गेलं की औषधासाठी, हे घरातल्या थोरांना हमखास माहीत असतं. विचारा आणि नोंदीत लिहा. हरवलेला तुकडाही नव्या दागिन्याचा विषय होऊ शकतो.

विचारायचं कसं

“आजी, ही ठुशी केवढ्याला घेतली होती?” या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात संपतं. हातांबद्दल, सवयींबद्दल विचारा. ही गळ्यात घालताना मागची दोरी कोण ओढून द्यायचं? ती टोचायची का? रात्री काढून कुठे ठेवायचीस? पाटल्या पुढे आणि बांगड्या मागे, की उलट? चालताना आवाज यायचा? कुणाला लग्नात घालायला दिली होतीस का, आणि परत आली तेव्हा तशीच आली का? तिची परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग करा आणि शक्य असेल तर बोलताना दागिना तिच्या हातात द्या. हातात आल्यावर बोटं आपोआप सवयीच्या जागी जातात. तुम्हाला हवी असलेली माहिती पुष्कळदा तिथेच दिसते.

ती व्यक्ती आता नसेल तर लग्नाचे, बारशाचे जुने फोटो काढा. दागिना गळ्यात किती वर किंवा खाली बसायचा, कुठल्या दागिन्याच्या जोडीला असायचा, हे भिंगातून बघा. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जमलं तर एक दिवस काढा. डॉ. दिनकर केळकरांनी ते आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभं केलं. तिथले दिवे, अडकित्ते, फण्या अशा रोजच्या वापराच्या वस्तू पाहताना घडवणाऱ्याने हाताचा किती विचार केला होता ते कळतं. वही आणि पेन्सिल घेऊन जा.

याच टप्प्यावर दागिना नक्की कुणाचा, हेही मोकळेपणाने बोलून घ्या. बहिणी, चुलत बहिणी, काकू यांना न विचारता केलेला सुंदर दागिनाही घरात कडवटपणा आणतो.

दागिना काय सोसेल, काय नाही

काहीही करण्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते ओळखा. बोरमाळेचे मणी आणि तशा बऱ्याच पारंपरिक दागिन्यांचे मणी आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. मणी दिसतो तेवढा जड लागत नाही आणि भोकाच्या कडेला काळपट-तांबूस पदार्थ दिसतो, ही त्याची खूण. अशा मण्याला आच लागली की लाख वितळून बाहेर येते आणि पातळ सोनं चेपतं. मागून बंद असलेल्या कोंदणात खड्याखाली चमकीचा पातळ वर्ख असू शकतो. पाणी आत शिरलं की तो काळा पडतो आणि खडा कायमचा मंद दिसू लागतो. म्हणून असे दागिने पाण्यात बुडवू नका, कोरड्या मऊ ब्रशने पुसा. मोत्याला उष्णता, आम्ल, अत्तर आणि कंपनांनी साफ करणारी यंत्रं, चारही वर्ज्य.

सोन्याची शुद्धता तपासायची असेल तर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरोच्या) मान्यताप्राप्त तपासणी आणि हॉलमार्क केंद्रावर ग्राहक स्वतःचा जुना दागिनाही नेऊ शकतो. एक्स-रेवर चालणारं तपासणी यंत्र फक्त वरचा थर वाचतं, एवढं ध्यानात ठेवा. पॉलिश केलेल्या किंवा लाख भरलेल्या दागिन्याबाबत त्या एका आकड्यावर विसंबू नका.

एकच गुण निवडा

आता समोर नोंदी आहेत, रेकॉर्डिंग आहे, छाप आहेत. मोह होतो सगळंच घ्यायचा: नक्षी, मोती, गोंडा, शिवाय आजीच्या अक्षरातलं नाव. तसं केलं की दागिना नुसता भरून जातो, त्यातून काहीच ऐकू येत नाही. एकच गुण उचला. तो वजन असेल, आवाज असेल, बंद करायची पद्धत असेल, हलणं असेल किंवा उणीव असेल.

ठुशीचा गुण माझ्या मते तिच्या मण्यांइतकाच तिच्या दोरीत आहे. गोंडा ओढला की ती कुठल्याही गळ्याला बसते. आईची ठुशी लेकीला आणि लेकीची नातीला होते ती त्या दोरीमुळे. म्हणजे सोन्याचा एकही मणी न वापरता, फक्त सरकत्या रेशमी दोरीवर बसलेलं चांदीचं साधं गळ्यालगतचं पदक हे ठुशीचं खरं वारसदार होऊ शकतं.

कोल्हापुरी साज हा तर या कामाचा पाठच आहे. पारंपरिक साजात २१ पानं: १० विष्णूच्या दशावतारांची, ८ अष्टमंगलांची, २ पाचू-माणकाची आणि एक ताईत. मासा, कासव, कमळ अशी एकेक खूण आणि मधे मणी. म्हणजे घालणाऱ्याला मोलाच्या वाटणाऱ्या खुणा एका ओळीत गुंफण्याची रीत आपल्याकडे आधीपासून आहे. ती रीत घ्या आणि खुणा तुमच्या घरच्या ठेवा: आजोबांच्या सायकलची घंटी, मागच्या दारचा कडीपत्ता, आजीची सुपारीची डबी, चाळीच्या कठड्याची जाळी. सात पानंही पुरतात. मात्र प्रत्येक पान एकाच जाडीचं आणि एकाच उंचीचं ठेवा, नाहीतर साज गळ्यात वेडावाकडा लोंबतो.

दडवणं हाही एक गुण आहे. मूळचा स्विस कलाकार ओट्टो क्युन्झ्ली याने १९८० साली काळ्या रबरी नळीत सोन्याचा गोळा कोंडून एक कडं केलं आणि नाव दिलं ‘सोनं आंधळं करतं’. बाहेरून दिसतो तो फक्त रबराचा फुगवटा. आत सोनं आहे यावर घालणाऱ्याने विश्वास ठेवायचा. घरातला एखादा तुकडा असाच आत ठेवता येतो, दिसत नाही पण वाजतो. त्याची कृती पुढे दिली आहे.

कागदात, मग अंगावर

रेखाटन झालं की लगेच धातूला हात घालू नका. जाड कार्डशीट खऱ्या मापात कापून, दोऱ्याला बांधून एक दिवस घरात वावरा. वजनाचा अंदाज यावा म्हणून मागे नाणं चिकटवा. ओढणीत अडकतं का, लॅपटॉपवर वाकल्यावर टेबलावर आपटतं का, बाळ कडेवर घेतल्यावर बोचतं का, हे आत्ताच कळतं. कानातलं एका बाजूला आठ-दहा ग्रॅमच्या वर नेऊ नये असं माझं मत आहे. ब्रोच करत असाल तर पिन वरच्या तिसऱ्या भागात लावा. मध्यावर लावली की ब्रोच पुढे झुकतो आणि रेशमी पदर ओढला जातो.

पहिली कृती: एका पाटलीचे चार वाटे, पाटली न कापता

एक पाटली आणि चार नाती, ही अडचण कितीतरी घरांत आहे. उपाय असा की पाटली एकीकडे अखंड राहते आणि चौघींना तिच्या घेराचा एकेक वेगळा चतकोर चांदीत मिळतो. दोन-चार मापाच्या पाटलीचा आतला व्यास सुमारे ५७ मिलिमीटर, घेर जवळजवळ १८ सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येकीला साडेचार सेंटिमीटरची कमान. एक नाशिकला, एक ह्यूस्टनला असली तरी चारही कमानी जवळ आणल्या की आजीच्या मनगटाचा गोल पुरा होतो.

ही रीत भरीव, खडे-मोती नसलेल्या पाटलीसाठीच आहे. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रशने ती धुऊन पूर्ण कोरडी करा. दातांचे साचे घेण्यासाठी दोन भागांची सिलिकॉन पुट्टी मिळते, दंतवैद्यकीय साहित्याच्या दुकानात मागा. दोन्ही भाग सारखे घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळा. हातमोजे नायट्रिल किंवा विनाइलचे घाला, कारण लॅटेक्समधल्या गंधकामुळे पुष्कळ पुट्ट्या घट्टच होत नाहीत. पाटली टेबलावर स्थिर ठेवून पुट्टीचा गोळा तिच्यावर हळू दाबा. पाटली पुट्टीत दाबू नका, तिला बाक येईल. चारही भागांवर पेन्सिलने आधी खुणा करून ठेवा म्हणजे एकच भाग दोनदा घेतला जाणार नाही. पाकिटावर लिहिलेल्या वेळाने पुट्टी रबरासारखी झाली की सोलून काढा. ती धातूला चिकटत नाही.

साच्यात ओतकामाचं मेण वितळवून ओता, जाडी सुमारे दीड मिलिमीटर ठेवा. मेणबत्तीचं मेण नको, ते ठिसूळ असतं आणि कडा सोडतं. मेण थंड झाल्यावर साचा वाकवून बाहेर काढा, कडा गरम सुरीने साफ करा, दोन्ही टोकांना कडीसाठी जागा ठेवा. आता मेणाचं वजन करा आणि त्याला सुमारे साडेदहाने गुणा, तेवढी चांदी लागेल. दीड ग्रॅम मेण म्हणजे साधारण १६ ग्रॅमची चांदीची कमान. याच हिशेबात १८ कॅरेट सोन्यासाठी साडेपंधरा पट आणि २२ कॅरेटसाठी जवळपास १८ पट धरतात. जड वाटली तर मागची बाजू आत्ताच खरवडून पोकळ करा. मेणात पाच मिनिटं लागतात, धातूत अख्खी दुपार जाते.

मेणाचे नमुने ओतकाम करणाऱ्याकडे द्या. मुंबईच्या झवेरी बाजारात, पुण्यात सोन्या मारुती चौकाच्या आसपास, कोल्हापूरच्या गुजरीत चौकशी केली की असं काम करणारे सापडतात. चांदीसाठी कोल्हापूरजवळचं हुपरी तर प्रसिद्धच आहे. ९२५ चांदी मागा. नमुना परत येईल तेव्हा मूळ मापापेक्षा किंचित आक्रसलेला असेल, चारही एकाच वेळी, एकाच धातूत ओतून घेतले तर आक्रसणं सारखं राहतं.

घासताना एक पथ्य पाळा. नक्षी जिथे झिजून बोथट झाली आहे ती तशीच राहू द्या. कारागीर प्रेमाने विचारेल, “ताई, हे डिझाइन जरा उठावदार करून देऊ का?” नको म्हणा. ती झीज आजीच्या मनगटाची आहे, तीच तर आपण उतरवून घेतली.

दुसरी कृती: वाजणारी डबी

कुडीची जोडी हरवते आणि एकटी फिरकी उरते. साखळी तुटून एक कडी उरते. असा एक छोटा, भरीव तुकडा चांदीच्या बसक्या डबीत ठेवायचा आणि गळ्यात घालायचा. लाखेचा किंवा पातळ पत्र्याचा मणी मात्र ठेवू नका, तो आदळून चेपेल.

लागेल ते: ०.८ मिलिमीटर जाडीचा ९२५ चांदीचा पत्रा, १ मिलिमीटरची तार, तार आत जाईल अशी बारीक चांदीची नळी, तीन प्रकारचा डाख म्हणजे सोल्डर (कडक, मध्यम, मऊ), टाकणखार (बोरॅक्स), ब्युटेनची हातबत्ती, अग्निवीट, २/० नंबरची पाती असलेली सराफी करवत, कानशी, हातोडी, लोखंडी ठोकळा. डाख कॅडमियमविरहित आहे हे दुकानात स्पष्ट विचारून घ्या. जुन्या ‘केडीएम’ कामात कॅडमियम असायचं आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक आहे.

पत्र्यातून ३० मिलिमीटर व्यासाच्या दोन चकत्या कापा. करवतीच्या पात्याचे दात मुठीकडे, खालच्या दिशेने असावेत. पातं खाली जाताना कापतं, वर जाताना मोकळं येतं, त्यामुळे जोर लावायची गरज नसते. पातं सारखं तुटत असेल तर बहुधा तुम्ही दाबताय. दोन्ही चकत्या चिकटपट्टीने एकत्र बांधून कडेजवळ, सारख्या अंतरावर, १ मिलिमीटरची तीन भोकं एकदमच पाडा. ही भोकं शेवटी तंतोतंत जुळावी लागतात.

भिंतीसाठी ५ मिलिमीटर रुंद पट्टी कापा. आतला व्यास २२ मिलिमीटर हवा असेल तर पट्टीची लांबी आतल्या व्यासावर नव्हे, जाडी मिळवून येणाऱ्या २२.८ वर काढायची: २२.८ गुणिले ३.१४, म्हणजे सुमारे ७१.६ मिलिमीटर. वाकवण्याआधी पट्टी तापवून मऊ करा. खोलीत अंधार ठेवा, म्हणजे चांदी मंद तांबूस झालेली दिसते. ती साधारण ६०० ते ६५० अंशांची वेळ, तिथेच आच काढा आणि काही क्षणांनी पाण्यात बुडवा. लालभडक होऊ दिली तर वितळण्याच्या जवळ पोचते, ९२५ चांदी ९०० अंशांच्या आतच पाणी होते.

पट्टीचा गोल करून टोकं जुळवा आणि उजेडासमोर धरा. फटीतून प्रकाश दिसला तर परत कानस लावा, कारण डाख फट भरत नाही. जुळलेल्या जागी टाकणखाराचा पातळ लेप द्या, कडक डाखेचा बारीक तुकडा ठेवा आणि संपूर्ण गोल फिरत्या आचेने तापवा. नवशिके आच थेट डाखेवर रोखतात. डाख गोळा होऊन बसते आणि जोडात शिरत नाही. डाख नेहमी जास्त तापलेल्या बाजूकडे धावते. जोडाच्या दोन्ही बाजू एकाच वेळी तापल्या की ती चमकून रेषेसारखी आत ओढली जाते. तो क्षण दिसला की बत्ती बाजूला करा.

मग हा गोल खालच्या चकतीच्या मध्यावर ठेवून मध्यम डाखेने जोडा. आधी कडक, मग मध्यम, मग मऊ, हा क्रम अशासाठी की पुढच्या आचेत मागचा जोड सुटू नये. मागे साखळीची कडी मऊ डाखेने. प्रत्येक जोडानंतर दागिना पाण्यात विझवून सायट्रिक आम्लाच्या गरम द्रावणात ठेवा, काळी पुटं निघून पांढरी मॅट चांदी वर येते. द्रावणात लोखंडी चिमटा घालू नका, सगळ्या चांदीवर तांब्याचा गुलाबी थर बसतो. लाकडी किंवा प्लास्टिकचा चिमटा वापरा.

वरच्या चकतीत आवाज बाहेर यायला जाळी हवी. इथे आजीचं अक्षर वापरता येतं. जुन्या वाणसामानाच्या यादीतला एखादा शब्द, ‘वेलदोडे’, ‘शिकेकाई’ असा काहीही, मोठा करून कागदावर छापा, कागद पत्र्यावर चिकटवा आणि अक्षरांभोवतीची जागा करवतीने काढून टाका. देवनागरीत ही सोय आहे की शिरोरेषा सगळी अक्षरं धरून ठेवते, सुटी पडू देत नाही. शिरोरेषेची दोन्ही टोकं आणि खाली दोन-तीन काने चकतीच्या कडेला जोडलेले राहतील असं आखा. कुठलीही फट आतल्या तुकड्यापेक्षा लहानच हवी.

आता झाकण. आत सोन्याचा तुकडा असताना पुन्हा आच द्यायची नाही, म्हणून हा जोड रिवेटचा, म्हणजे आरपार ओवलेल्या तारेची टोकं ठोकून पसरवायची. सगळं घासून, पुसून, आतला तुकडा ठेवून झाकण बसवा. तिन्ही भोकांशी, दोन चकत्यांच्या मधे, भिंतीइतक्या उंचीचा बारीक नळीचा तुकडा ठेवा आणि त्यातून तार ओवा. तार दोन्ही बाजूंना स्वतःच्या जाडीच्या निम्मी बाहेर राहू द्या, म्हणजे एकूण ७.६ मिलिमीटर. ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीने डोकं हळूहळू पसरवा, उलटा करा, पुन्हा. एका बाजूचं पूर्ण करून मग दुसरी केलीत तर तार वाकते. पूर्ण डबी साधारण १५ ग्रॅमची होते.

सुरक्षिततेबद्दल कळकळीने सांगते: डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, ओढणी-पदर खोचलेला, अंगावर सुती कपडा, खिडकी उघडी. चारही बाजूंनी बंद पोकळ वस्तू कधीच तापवू नका. आत अडकलेली हवा आणि वाफ ती फोडते. पोकळ मणी करायचा तर आधी बारीक भोक.

किनाऱ्याची आठवण असेल तर

कोकणात किंवा गोव्यात आजोळ असलेल्यांसाठी समुद्रफेस, म्हणजे कटलफिश या समुद्री जिवाचं हाडासारखं कवच, हा सुंदर साचा आहे. किनाऱ्यावर सापडतो, काष्ठौषधींच्या दुकानातही मिळतो. मोठा तुकडा उभा चिरून मऊ बाजू एकमेकींवर घासून सपाट करा, एका बाजूत आकार कोरा, वरून ओतायचं नरसाळं आणि हवा जायला बारीक रेघा करा, तारेने बांधा. मुशीत (धातू वितळवायच्या भांड्यात) चिमूटभर टाकणखारासह वितळलेली चांदी ओतली की समुद्रफेसाच्या नैसर्गिक लहरी धातूवर उमटतात, ओहोटीनंतरच्या वाळूसारख्या. साचा एकदाच वापरता येतो आणि हाडकासारखा जळका वास येतो, म्हणून अंगणात. साचा खडखडीत कोरडा हवा, ओल असली तर वितळलेला धातू उसळतो. ओतण्याचा भाग पहिल्यांदा अनुभवी कारागिरासोबतच करा.

खण-इरकलीचा तुकडा, पत्राची ओळ, फोटो असं आच न सोसणारं काही बसवायचं असेल तर चांदीची चौकट, वर अभ्रकाचा पातळ पापुद्रा आणि चार रिवेट. रेझिनमध्ये बुडवू नका. ते उन्हाने पिवळं पडतं आणि कागद परत काढता येत नाही.

सोनं वितळवायचंच असेल तर

कधीकधी तोच मार्ग योग्य असतो. दागिना तुटून गेलेला असतो, किंवा देणाऱ्यानेच “मोडून तुझं काही कर” म्हटलेलं असतं. तेव्हा हे पाहा. पेढीवर बदल्यात दिलेलं सोनं सामान्यतः शुद्धीकरणाला जातं आणि नवा दागिना वेगळ्या सोन्याचा येतो. तेच सोनं हवं असेल तर ओळखीच्या कारागिराकडून तुमच्यासमोर वितळवून घ्या. वितळवण्याआधी खडे, मोती, लाख काढून वजन, नंतर लगडीचं वजन, दोन्ही लिहून घ्या. घट किती धरणार आणि कानशीचा भुगा कुणाचा, हे कामाआधी ठरवा. जुन्या दागिन्यातल्या डाखेमुळे सगळ्याची शुद्धता उतरते आणि तसंच ओतलं तर धातू ठिसूळ, सच्छिद्र होऊ शकतो. म्हणून सोनं शुद्ध करून घ्या किंवा निम्मं तरी नवं मिसळा. तयार दागिन्यावर हॉलमार्क हवा असेल तर तेही आधीच बोला. त्यावरचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र सहा अक्षर-अंकी हॉलमार्क क्रमांक, ‘बीआयएस केअर’ या अॅपवर पडताळता येतो. आणि अख्ख्या दागिन्याऐवजी निम्माच वितळवता येईल का, हा प्रश्न मुशीसमोर उभं राहूनही एकदा स्वतःला विचारा.

गाठवणं

मशीनची साखळी लावून काम उरकू नका. पटवेकऱ्याकडे जा. रेशमी दोऱ्यात, सरकत्या गाठीवर, गोंड्यासह गाठवून घेतलेला दागिना मानेवर वेगळाच बसतो आणि पुढच्या गळ्यालाही होतो. मोती असतील तर दोन मोत्यांमधे गाठ हवी, दोरा तुटला तरी एकच मोती निसटतो. दोरा मळतो, झिजतो, म्हणून रोज वापरत असाल तर वर्षाकाठी बदलून घ्या.

चांदी काळी करून नक्षी उठवायची असेल तर उकडलेल्या अंड्याचा गरम बलक कुस्करून बंद डब्यात दागिन्याशेजारी ठेवा. गंधकाच्या वाफेने ती हळूहळू तपकिरी, मग काळी होते. हव्या त्या छटेवर काढा, उठावाचा भाग पुसा. मोती, खडे, रेशीम हे सगळं यानंतरच ओवायचं.

दागिन्यासोबत डबीत एक कागद ठेवा, शाईने लिहिलेला. मूळ दागिना कुणाचा आणि आता कुठे आहे, त्यातलं काय घेतलं, धातू कोणता आणि किती ग्रॅम, कुणी घडवला, कुणी गाठवला, कुठल्या महिन्यात. पेन्सिलीने घेतलेला नक्षीचा छाप त्यातच घडी करून ठेवा आणि रेकॉर्डिंग कुठे साठवलंय तेही लिहा. रिवेट उघडायची वेळ आली तर डोकं कोणत्या बाजूने कानसायचं, एवढी ओळही घाला. दुरुस्ती करणाऱ्याला तिचा उपयोग होईल.